जागा आहे का नावावर?

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मी बार्शीतल्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलो होतो. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भाग नव्याने सुरू झाला आहे, भाड्याने राहणाऱ्यांनाही घर मिळतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला असं सगळं आठवणीने आणलं होतं. शिवाय एक पत्र्याची छोटी पेटी होती. तिच्यात काय आहे, हे मला ठाऊक होतं.

दुकानातल्या पोराने कागद बघितले, मान डोलावली आणि विचारलं, "मावशी, जागा आहे का नावावर?"

"जागा असती तर इथं आले असते का रं बाळा?" आई म्हणाली.

पोरगा हसला. वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितलं. स्वतःची मोकळी किंवा कच्च्या घराची जागा असेल तर बांधायला अनुदान मिळतं, साधारण अडीच लाख. जागा नसेल तर कुणीतरी प्रकल्प बांधावा लागतो आणि त्यातलं घर आपण विकत घ्यायचं. कर्ज काढलं तर व्याजात सवलत आहे. आणि चौथा प्रकार भाड्याच्या घरांचा. "पण त्याचा अर्ज कुणी केलेला मी अजून तरी बघितला नाही," असं म्हणून त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

आईने पेटी उघडली. आत भाड्याच्या पावत्या होत्या. सुतळीत ओवलेल्या, कडा तपकिरी झालेल्या. सगळ्यांत जुनी आजोबांच्या नावाची होती. "आम्ही तीन पिढ्या भाडं भरलंय. एक महिना चुकवला नाही. हे कुठं लावायचं?" तिने विचारलं.

फॉर्ममध्ये ते लावायला जागा नव्हती. त्या दिवशी घरी परतताना मला वाटलं, हा प्रश्न त्या पोराला विचारण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शंभर वर्षं मागे जाऊन शोधायला हवं.

*

आजोबा बालाघाटाच्या डोंगराकडच्या एका गावातून बार्शीला आले ते कापसामागे. तेव्हाची बार्शी म्हणजे निजामाच्या मुलखाच्या वेशीवरची पेठ. पलीकडचा कापूस, गळिताची धान्यं, कडधान्यं इथे यायची आणि इथून मुंबईला जायची. मुंबईच्या कापूसबाजारात 'बार्शी-नगर' हे कापसाच्या एका जातीचं रूढ नाव होतं. म्हणजे बार्शी कधी न पाहिलेले दलालसुद्धा दिवसातून चार वेळा तिचं नाव घेत असणार. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ही गाडी बार्शीला कुर्डुवाडीशी जोडायची. कुर्डुवाडीच्या मोठ्या स्टेशनचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं. तिथे गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि पुढे मुंबई.

आजोबा जिनिंग-प्रेसमध्ये गाठी बांधायला होते. राहायला एका वाड्यात मागच्या सोप्याला लागून असलेली दोन खणांची खोली. वर माळवद, पावसाळ्याआधी त्यावर माती टाकून चोपायचं काम भाडेकरूचं. संडास नाही, पाणी हौदाचं. भाडं दरमहा, पावती दरमहा. गावात अशा शेकडो खोल्या होत्या. पेठेला माणसं लागत होती आणि वाड्यांच्या मालकांना भाडं. सरकार किंवा नगरपालिका मजुराला राहायला खोली देईल, ही कल्पना त्या वेळी बार्शीत कुणाच्या डोक्यात आली असेल असं वाटत नाही.

सरकारी खोली मिळायची ती नोकरीला चिकटलेली. रेल्वेच्या माणसाला क्वार्टर, पोलिसाला लाइनीतली खोली. नोकरी गेली की खोलीही गेली. आजोबांना यातलं काही लागू नव्हतं. मात्र ज्या गाठी ते बांधत होते, त्यातल्या मुंबईला गेलेल्या गाठींनी तिकडे दुसऱ्यांची घरं बांधली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, मजुरांसाठी चाळी बांधायच्या, असा त्याचा हेतू. त्याने पाडलं पुष्कळ आणि बांधलं त्या मानाने कमी. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. मग १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं केलं. त्याचीच आद्याक्षरं पुढे शंभर वर्षं लोकांच्या तोंडी राहिली: बीडीडी चाळी.

योजना पन्नास हजार खोल्यांची होती. उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. सिमेंट-काँक्रीटच्या या इमारतींसाठी पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला गेला.

दर गाठीमागे एक रुपया. गाठ बांधणाऱ्याच्या पगारातून तो जात नव्हता, हे खरं. व्यापारी भरत होता आणि शेवटी भावात कुठेतरी वळता होत होता. पण बार्शीच्या प्रेसमधून निघालेली, लाइट रेल्वेतून डुलत गेलेली गाठ मुंबईच्या मजुराच्या खोलीसाठी एक रुपया ठेवून जात होती. ज्या माणसाने ती गाठ आवळली, तो मात्र वाड्यातल्या दोन खणांत राहत होता. त्या काळी कुणाला यात विसंगती दिसली नाही. मुंबईत गिरण्या होत्या, संप होत होते, रोगराईची भीती होती. घर हा तिथे सरकारच्या चिंतेचा विषय होता. बार्शीत तो वाड्याच्या मालकाचा विषय होता.

त्याच वर्षांत दूर युरोपात व्हिएन्ना नगरपालिकेने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायला घेतला. तिने १९२३ मध्ये घरांवर खास कर बसवला. तो असा की मोठ्या आणि आलिशान घरांच्या वाट्याला जास्त यावा. १९३४ पर्यंत त्यातून साठ हजारांहून अधिक घरं नगरपालिकेने बांधली आणि भाड्याने दिली. ती अजून नगरपालिकेचीच आहेत, नंतर त्यांत आणखी भर पडली, आणि आज त्या शहरातली जवळपास पाव लोकसंख्या नगरपालिकेच्या घरात भाड्याने राहते. तिथे भाडेकरू असणं म्हणजे घर मिळण्याआधीची पायरी नाही. ती एक कायमची, सुरक्षित अशी स्थिती आहे.

मुंबईच्या खोल्यांचं तसं झालं नाही. सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. लोकांना त्या कोंदट वाटत, वरळी तेव्हा कामापासून लांब होती. सरकारने ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांना विचारलं नव्हतं. पुढे त्या भरल्या, आणि मग इतक्या भरल्या की एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहू लागली.

*

मुंबई सोडून आपल्या जिल्ह्यात यायचं, तर सरकारने गोरगरिबांना राहायला जागा दिल्याचं इथलं एक जुनं उदाहरण सोलापुरातलं आहे. त्यासाठी कुणीही अर्ज केलेला नव्हता.

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द अजून वस्तीचं नाव म्हणून चालतो. इंग्रजांनी १८७१ पासून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी अशा वसाहतींत ठेवलं गेलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. भोवती काटेरी तारेचं कुंपण. बाहेर जायचं तर परवानगी, परत आल्यावर हजेरी. आतल्या बायका-पुरुषांनी गिरण्यांत काम केलं. गिरणीला मजूर मिळाला, सरकारला माणसं नजरेखाली मिळाली, आणि माणसांना डोक्यावर छप्पर मिळालं.

हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. योगायोग असा, की लगेच पुढच्या महिन्यात, सप्टेंबर १९५२ मध्ये, केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना सुरू केली. दोन गोष्टींचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. एकीकडे राहायला लावलेली जागा संपली, दुसरीकडे अर्ज करून मागायची जागा सुरू झाली. स्वतंत्र देशाने गरीब माणसाला पहिल्यांदाच 'अर्जदार' केलं. ही लहान गोष्ट नव्हती.

मुंबई राज्यात त्यासाठी यंत्रणा तयार होती. १९४८ च्या कायद्याने बॉम्बे हाउसिंग बोर्ड स्थापन झालं होतं. नव्या योजनेत राज्य सरकारांना बांधकामाचा निम्मा खर्च अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून मिळायचा. गिरणी-मालकांना आणि कामगारांच्या सहकारी संस्थांनाही अनुदान आणि कर्ज होतं, पण अनुदानाचा वाटा कमी. बोर्ड घरं बांधणार, परवडेल असं भाडं ठरवणार आणि कामगार ते दरमहा भरणार. आज महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत 'हाउसिंग बोर्ड' नावाचा एखादा भाग असतो, एखादा रिक्षाचा थांबा असतो. तिथे कधी काळी लोक सरकारचे भाडेकरू म्हणून राहत होते, हे तिथल्या नव्या माणसांना बहुधा ठाऊक नसतं.

योजनेची अट होती कारखान्याच्या कायद्याखाली येणारा कामगार असण्याची. अर्जासोबत गिरणीचा दाखला हवा. म्हणजे हमाल नाही, घरकाम करणारी नाही, हातगाडीवाला नाही. कारखाना सुटला की घरावरचा हक्कही डळमळला. रेल्वेच्या क्वार्टरची रीतच थोडी रुंद करून इथे आली होती. घर माणसाला नव्हतं, त्याच्या कामाला होतं.

माझे वडील याच अटीत बसू शकत होते. बार्शीत तोवर गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. जयशंकर मिल, लोकमान्य मिल ही नावं ऐकत आमची पिढी वाढली. वडील त्यातल्या एका गिरणीत लागले. वाड्यातली खोली तीच, पावती आता त्यांच्या नावाने. आई सांगते, एकदा गिरणीत आवई उठली की बोर्ड कामगारांसाठी खोल्या बांधणार. वडिलांनी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता. त्याची एक प्रत त्या पेटीत आहे. 'सविनय सादर' अशी सुरुवात, खाली सही आणि तारखेची मोकळी जागा. तो द्यायचा कुणाकडे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून तारीख घातलीच गेली नाही.

*

याच काळात बार्शीतल्या घरभाड्याचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे सांगितलं तर आज गावात कुणाचा विश्वास बसणार नाही. खटल्याचं नाव 'लोकमान्य मिल्स बार्शी लिमिटेड विरुद्ध बार्शी बरो म्युनिसिपालिटी', निकाल १९६१ चा. वकिलांच्या पुस्तकांत तो अजून सापडतो.

वाद घरपट्टीचा होता. आपल्याकडे घरपट्टी परंपरेने आकारली जाते ती 'वार्षिक भाडेमूल्या'वर. म्हणजे ही इमारत भाड्याने दिली असती, तर वर्षाला वाजवी भाडं किती आलं असतं, याच्या अंदाजावर. बार्शीच्या नगरपालिकेने गिरण्या-कारखान्यांसाठी सोपा मार्ग काढला होता. इमारतीचं क्षेत्रफळ मोजायचं आणि ठरावीक दराने भाडेमूल्य धरायचं. गिरणीने हरकत घेतली. न्यायालयाने गिरणीची बाजू उचलून धरली. भाडेमूल्य म्हणजे त्या इमारतीला खरोखर येऊ शकणारं वाजवी भाडं. ते जागा, अवस्था, उपयोग बघून ठरतं. नुसते चौरस फूट मोजून ते ठरवता येत नाही, आणि तसं केलं तर कर भरणाऱ्याचा हरकत घेण्याचा हक्कच बुडतो.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल घरपट्टीबद्दल आहे. मला तो वाचताना वेगळंच काही दिसलं. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या नगरपालिकेने, आणि तिच्यासारख्या सगळ्याच नगरपालिकांनी, कित्येक पिढ्या गावातल्या प्रत्येक घराकडे 'याला भाडं किती येईल' याच नजरेने पाहिलं. मालक स्वतः राहत असला तरी एका काल्पनिक भाडेकरूची कल्पना करून कर ठरला. वाजवी भाडं या कल्पनेवर गावचा दिवा, गटार, झाडलोट चालली. पण खऱ्या भाडेकरूची नोंद म्हणजे कर आकारणीच्या वहीतला 'भोगवटादार' नावाचा एक रकाना. बऱ्याच ठिकाणी तिथे नुसतं 'स्वतः' लिहिलेलं असतं, मग आत तीन बिऱ्हाडं का राहत असेनात.

भाडेकरूला खरं संरक्षण मिळालं ते वेगळ्या कायद्यातून. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. पावती देणं मालकावर बंधनकारक झालं. आईच्या पेटीचा जीव त्या पावत्यांत होता तो यामुळेच. पावती म्हणजे आपण इथे राहतो, याचा एकमेव पुरावा.

या कायद्याने माझ्या घरच्यांसारख्या लाखोंना वाचवलं आणि याच कायद्याने पुढच्या पिढीच्या भाडेकरूंची वाट अवघड केली. भाडं गोठलं तशी डागडुजी थांबली. माळवदं गळू लागली. नवी खोली भाड्याने देणारा माणूस आधी विचार करू लागला, की हा परत जाईल का. मग अकरा महिन्यांचे करार आले, तोंडी बोली आली, पावती देणं बंद झालं. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. करार लेखी असावा, नोंदवावा, असं त्यात आहे. छोट्या गावात किती खोल्यांचे करार खरोखर नोंदले जातात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजून पाहावं.

आमचा वाडा पाडला गेला आणि त्या जागी दुकानांची इमारत आली. आईच्या सुतळीतली शेवटची पावती त्याआधीच्या महिन्याची आहे. नंतरच्या खोल्यांचं भाडं तितक्याच नेमाने भरलं गेलं, पण त्याचा कागद कुठेही नाही.

*

एव्हाना राज्याचंही धोरण बदललं होतं. ५ डिसेंबर १९७७ रोजी जुनी बोर्डं एकत्र करून म्हाडा अस्तित्वात आलं. सोलापूर जिल्हा तिच्या पुणे मंडळात येतो. म्हाडाची जाहिरात आज पेपरात येते ती सोडतीची: उत्पन्नगट, अनामत रक्कम, किंमत. ते घर विकत घ्यायचं असतं. बोर्डाच्या जुन्या भाड्याच्या चाळी राहत्या लोकांच्या सहकारी संस्था करून त्यांना मालकीने देण्याकडे सरकारचा कल राहिला. भाडं वसूल करणं, दुरुस्ती करणं, भांडणं सोडवणं यापेक्षा देऊन मोकळं होणं सरकारला सोपं होतं. राहणाऱ्यांनाही तेच हवं होतं. कुणी कुणावर अन्याय केला नाही. पण सरकारच्या मालकीची, भाड्याने मिळणारी घरं एकेक करून कमी झाली आणि नवी आली नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा बार्शीतही आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो होतो. वडिलांच्या हातात ती पत्र्याची पेटी होती. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे आठ हजार माणसं गेली. नंतरचं पुनर्वसन देशातल्या मोठ्या कामांपैकी एक. नवी गावं वसली, पक्की घरं मिळाली. घराचा आकार ठरला तो जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी थोड्या जमिनीवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूमिहीनाला घर मिळालं ही त्यातली मोठी गोष्ट, ती विसरू नये. तरी मोजपट्टी जमिनीचीच राहिली. माणसं किती, यापेक्षा सातबारा केवढा, हे आधी पाहिलं गेलं.

आमच्या जिल्ह्यात घरांसाठी झालेली सगळ्यांत मोठी चळवळही मालकीचीच. सोलापूरच्या विडी कामगार बायका, त्यांची युनियन आणि नरसय्या आडम मास्तर यांनी वर्षानुवर्षं झगडून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. केंद्र, राज्य आणि कामगार बाई, असा तिघांचा पैसा. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे आले होते. पुढे त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली. त्यातली पहिली पंधरा हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. विडी वळून वळून बोटं झिजलेल्या बाईच्या नावावर घर होणं काय असतं, हे सोलापुरात जाऊन पाहावं. त्या घराबद्दल मी तक्रारीचा एक शब्द लिहिणार नाही.

माझा मुद्दा तिच्या शेजारणीचा आहे, जिच्यामागे युनियन नाही. अशा माणसांसाठी भाड्याचं घर हा सरकारचा विचार अधूनमधून उगवतो आणि मावळतो. २००८ मध्ये मुंबई महानगरात एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. खोलीचा आकार १६० चौरस फूट. बीडीडीच्या खोलीइतकाच. पुढे घरांचा आकार वाढवला गेला, भाड्याची कल्पना मागे पडली आणि त्यातली काही घरं गिरणी कामगारांना सोडतीने मालकीने देण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत मजूर रस्त्यांनी चालत गावाकडे निघाले, ते सगळ्या देशाने पाहिलं. शहरात भाडं भरता येईना, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्याच जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना जाहीर केली. आधीच्या योजनांतली ऐंशी हजारांहून अधिक सरकारी घरं रिकामी पडली होती, ती भाड्याने द्यायची होती. प्रत्यक्षात काही हजारच गेली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी नोंदली आहेत. आणि शहरी भारतात भाड्याने राहणारी कुटुंबं १९६१ मध्ये निम्म्याहून जास्त होती, ती २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आली. सगळ्यांना घरं मिळाली म्हणून ती इतकी कमी झाली, असं झोपडपट्ट्यांकडे बघून म्हणवत नाही.

आजोबांच्या गाठींतल्या रुपयाची गोष्टही परवाच पूर्ण झाली. बीडीडी चाळींचा पुनर्विकास होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांचे भाडेकरू मालक झाले. टीव्हीवर ते दृश्य बघताना मला आनंद झाला, खरंच झाला. कुठे तरी आपल्या घरचाही एक हात त्याला लागला आहे, असंही वाटलं. आईने विचारलं, "मग आता त्या शहरात नवा येणारा माणूस राहणार कुठं?"

*

इतकं सगळं चाळून माझ्या हाती एकच गोष्ट लागली. आपल्याकडे सरकारने भाड्याचं घर बांधलं ते माणसाला कामाशी किंवा पहाऱ्याशी बांधून ठेवण्यासाठी. आणि त्याला हक्क द्यायची वेळ आली, तेव्हा तो मालक करून दिला. मधली एक जागा मोकळीच राहिली: भाडेकरू म्हणूनच हक्क असलेला माणूस. जो भाडं देतो, मालक व्हायला त्याच्याकडे पैसा नाही, कदाचित इच्छाही नाही, पण उद्या खोली सोडा म्हणतील या धास्तीशिवाय त्याला झोपायचं आहे.

बार्शीसारख्या गावात अशी माणसं पुष्कळ आहेत. कॅन्सरच्या दवाखान्यात उपचारांसाठी दोन-दोन महिने राहणारे पेशंट आणि त्यांची माणसं, खेड्यातून कॉलेजला आलेली पोरं, आडत बाजारातले हमाल, आणि लोकांच्या तोंडी जयशंकर मिल असलेली, १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली आणि २०२० च्या टाळेबंदीपासून थांबलेली बार्शी टेक्स्टाइल मिल. तिचे कामगार. यातल्या कुणालाही 'जागा आहे का नावावर' या प्रश्नाचं हो असं उत्तर देता येणार नाही.

आईचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे. त्या दुकानातून परतताना मी तिला म्हटलं, मी कर्ज काढतो, एक खोली घेऊ. ती म्हणाली, "माझ्यासाठी नको काढू. मला मालकी काय करायचीय? उठवणार नाही, एवढं कुणी लिहून दिलं तरी पुरे."

योजनेच्या चौथ्या प्रकारात भाड्याच्या घरांची सोय कागदावर तरी आहे, राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. मी पुन्हा त्या दुकानात जाऊन चौकशी करून ठेवली. पोराने नंबर लिहून घेतला आणि काही आलं तर कळवतो म्हणाला.

दरम्यान, पहिल्या तारखेला आईने घरमालकीणबाईंना भाडं देताना सरळ विचारलं, "काकू, पावती द्याल का?" इतक्या वर्षांत तिने ते विचारलं नव्हतं. त्या जरा चमकल्या. मग नातीला हाक मारली. नातीने वहीचं पान फाडून त्यावर महिना, रक्कम आणि आईचं नाव लिहिलं, खाली काकूंनी सही केली. तिकीट नाही, नंबर नाही.

आईने ते घडी घालून सुतळीत ओवलं. मधल्या कितीतरी वर्षांची जागा रिकामी सोडून ओवायची होती, पण सुतळीत तशी सोय नसते. वाड्यातल्या शेवटच्या पावतीला ते पान लागूनच बसलं.